उघड्या दुर्बिणीचा उन्हाळा

दुर्बीण म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर लांब नळी येते. मी बनवलेल्या दुर्बिणीला नळीच नव्हती. खाली प्लायवूडची चौकोनी पेटी, तिच्यात आठ इंची खोलगट आरसा, पेटीच्या कोपऱ्यांतून वर गेलेले ॲल्युमिनियमचे दांडे आणि त्यांच्या टोकावर एक लाकडी कडे. कड्याच्या मधोमध तिरपा बसवलेला छोटा आरसा आणि कड्याच्या बाजूला डोळा लावायचे भिंग. मोठा आरसा आकाशातला उजेड गोळा करून वर फेकतो. छोटा आरसा तो वळवून बाजूला काढतो. म्हणजे दुर्बीण वर पाहते आणि माणूस आडवा पाहतो. हे पुढे मला दारात उभे राहून समजावून सांगावे लागले. तोवर उशीर झाला होता.

आरसा मी धुळ्यात घासला. एका दैनिकाच्या तिथल्या आवृत्तीत वृत्तसंपादनाच्या टेबलावर होतो. काम संध्याकाळी सुरू व्हायचे, सकाळ मोकळी असायची. काचेच्या दुकानातून जाड काचेच्या दोन गोल चकत्या कापून आणल्या. भाड्याच्या खोलीच्या ओसरीत तेलाचे रिकामे पिंप उभे केले, त्यावर एक चकती बसवली, वर काच घासायची भुकटी आणि पाणी टाकले आणि दुसरी चकती तिच्यावर घासत पिंपाभोवती फिरत राहिलो. असे महिनोन्‌महिने केले की वरच्या काचेला खळगा पडतो. नंतर तो पॉलिश केला आणि पुण्याला पाठवून त्याच्यावर चकाकता मुलामा चढवून आणला. जळगावला बदली झाली तेव्हा आरसा जुन्या धोतरात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आलो. मग तो कपाटात पडून राहिला. निवृत्तीनंतर इथल्या मेहरूण भागातल्या घराची गच्ची आणि रिकामा वेळ दोन्ही हाताशी आले, तेव्हा त्याला बाहेर काढले.

नळी न करता उघडी चौकट करण्याचे कारण ऊन हेच होते. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता बाहेर सोडत बसतो. बंद नळीत गरम हवा कोंडते आणि आतले चित्र तव्यावरच्या हवेसारखे थरथरते. उघड्या चौकटीतून हवा निघून जाते. पेटी आणि कडे एका सुतार मिस्त्रींकडून कापून घेतले. दांडे लावून बघितल्यावर ते एक पाऊल मागे सरले आणि म्हणाले, “साहेब, पिंजरा तर झक्कास झाला. पण आत पाळणार काय, पोपट की मोर?”

“चंद्र,” मी म्हणालो.

“मग गज जवळजवळ लावा. पळून जाईल.”

तोवर सगळे हसण्यावारी होते.

ज्या उन्हामुळे मी चौकट उघडी ठेवली, त्याच उन्हामुळे अख्खी कॉलनी गच्चीवर झोपायला येते. दिवस मावळला की गच्च्यांवर पाणी मारले जाते. ओल्या सिमेंटचा वास सुटतो. जेवणे उरकली की गाद्या, चटया, पाण्याची कळशी, म्हाताऱ्यांच्या खाटा वर येतात. घरे एकमेकांना खेटून आहेत आणि मधले कठडे कमरेइतके. एका घरातल्या माणसाने कूस वळवली तर शेजारच्या घराला कळते. तरीही कुणाला संकोच वाटत नाही, कारण तिथे काही रीत आहे. जिना चढताना पुरुषाने खाकरायचे. अंथरुणे पडल्यावर कठड्याशी उभे राहायचे नाही. शेजारच्या गच्चीकडे पाठ करून बसायचे. हे कुणी कुणाला शिकवत नाही. मी त्यात वाढलो, तरीही दुर्बीण उभी केल्यावर यातली एकही गोष्ट माझ्या लक्षात राहिली नाही.

आमच्या पश्चिमेला धुळ्याकडचे कुटुंब राहते. घरात एक अक्का, त्यांचा केळीच्या वाहतुकीत काम करणारा मुलगा आणि त्या उन्हाळ्यात बाळंतपणासाठी माहेरी आलेली लेक. मी धुळ्यात राहिलेला म्हणून अक्कांना माझ्याविषयी आपुलकी होती. त्या मला भाऊ म्हणत आणि माझ्याशी मुद्दाम अहिराणीतून बोलत. बाळ महिन्या-दीड महिन्याचे होते. दिवसभर ते खालच्या खोलीत कूलरसमोर असे आणि संध्याकाळी त्याची आई त्याला घेऊन वर येई. पश्चिमेचा वारा त्यांच्या गच्चीवर आधी येतो, मग आमच्या.

दुर्बीण मी पश्चिमेच्या कठड्याजवळ ठेवली. भिंग कड्याच्या पश्चिम बाजूला आले. त्यामागे कोणताही विचार नव्हता. त्या बाजूचे लाकूड जरा सपाट होते, एवढेच. पूर्वेला जिन्याची खोली आणि पश्चिमेला शेजारची गच्ची. भिंगाला डोळा लावायला मी जिन्याकडे गेलो असतो तर माझे तोंड शेजाऱ्यांकडे झाले असते आणि कठड्याकडे गेलो असतो तर पाठ झाली असती. भिंग पश्चिमेला असल्यामुळे मी कठड्याकडेच उभा राहिलो, पण खुर्ची तिथे मावेना. म्हणून दुसऱ्याच दिवशी मी कडे फिरवून भिंग जिन्याच्या बाजूला घेतले. आता बसायला ऐसपैस जागा झाली. माझे तोंड मात्र बरोबर शेजारच्या अंथरुणांकडे वळले.

त्या संध्याकाळी चंद्र अर्धा होता. चित्र स्थिर झाले तेव्हा खड्ड्यांच्या कडांवर पडलेले ऊन दिसले. मी मोबाइल भिंगाला लावून फोटो काढायचा प्रयत्न केला. हात हलला की चंद्र निसटे. पुन्हा लावायचा, पुन्हा काढायचा. शेजारच्या गच्चीवरून हे कसे दिसत असेल, याचे वर्णन आज मी नीट करू शकतो. अंधारात एक निवृत्त माणूस खुर्चीत बसला आहे, तोंड आपल्याकडे, डोळ्यासमोर काच आणि काचेला टेकवलेला मोबाइल.

उघड्या चौकटीचा एक तोटा असतो. बाजूचा उजेड थेट आरशावर पडतो. अक्कांच्या गच्चीवर एक पांढरा एलईडी दिवा होता आणि तो लागला की चंद्राभोवती धुके आल्यासारखे व्हायचे. जाणकार माणूस दांड्यांभोवती काळे कापड गुंडाळतो. मी कापड आणायचा आळस केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा मुलगा गाडी पुसत होता, त्याला म्हणालो, “रात्री वरचा दिवा जरा बंद ठेवता येईल का? मला नीट दिसत नाही.”

तो फडके हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ठीक आहे, काका.”

त्या रात्री दिवा लागला नाही. शेजारी समजूतदार आहेत, असे मी जेवताना बायकोला सांगितले. तिने ताटात दुसरी भाकरी वाढली.

दोन-तीन दिवसांनी त्यांच्या गच्चीवर, आमच्या बाजूने, दोरी बांधली गेली. तिच्यावर जुन्या साड्या एकीला एक लावून पसरलेल्या होत्या. मला वाटले, धुणे असेल. संध्याकाळ झाली तरी साड्या तशाच होत्या. दुसऱ्या दिवशीही होत्या. नोकरीच्या काळात असल्या तपशिलावर मी वार्ताहरांना धारेवर धरत असे. आता डोळ्यांसमोर दोरी होती आणि ती का बांधली, हे मी विचारले नाही. उलट त्यांच्या जिन्यातून येणारा उरलासुरला उजेडही अडला, याचे मला समाधान वाटले. साड्यांमागे त्या लोकांना किती कोंडल्यासारखे वाटत असेल, हे मनात आले नाही.

मग साड्यांमागचा आवाज बंद झाला. पाणी मारल्याचा वास येईना. खाटा सरकल्याचे ऐकू येईना. खालून, बंद खिडकीतून, बाळाचे रडणे मात्र येऊ लागले. ते दिवस असे होते की माठातले पाणीही कोमट लागायचे. मी बायकोला म्हणालो, “एवढ्या उकाड्यात हे लोक खाली का झोपताहेत?”

ती बिबड्या करत होती. ज्वारीच्या पिठाच्या या वाळवणाचे काम कॉलनीतल्या बायका दर उन्हाळ्यात मिळून करतात. सकाळीच एकीच्या अंगणात पातेले चढते, बाकीच्या आपापली भांडी घेऊन जातात आणि गप्पांच्या नादात दुपारपर्यंत गच्च्या भरून जातात. त्या दिवशी माझी बायको आमच्या मोरीपाशी एकटीच बसून ओल्या कापडावर पीठ पसरत होती.

“तू गेली नाहीस?” मी विचारले.

“बोलावलं नाही.”

“विसरल्या असतील.”

“अहो, पाच घरांच्या बायका एकदम विसरतात का?” तिने हात थांबवला नाही. “तुम्ही त्यांना दिवा बंद करायला सांगितलात ना?”

“आरशावर उजेड पडतो म्हणून.”

“तुम्ही त्यांच्याकडे तोंड करून बसता. डोळ्याला काच लावता. मोबाइल धरता. आणि वर म्हणता, दिवा बंद करा, मला नीट दिसत नाही. ती पोर बाळाला घेऊन बसते तिथे.”

मी म्हणालो की दुर्बीण वर पाहते.

“मला माहीत आहे. मी घरातली आहे.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“मला वाटलं तुम्हाला समजेल.”

गच्चीवरून, न्हाणीघराच्या झरोक्यातून, जिन्यातून डोकावणाऱ्या माणसांच्या बातम्या मी आयुष्यभर हाताखालून घातल्या. एक कॉलम, आतले पान. त्यात मजकूर ठरलेला असतो. परिसरातील महिलांमध्ये संताप. संबंधित व्यक्ती सुशिक्षित असल्याने आश्चर्य. शेवटी एक ओळ त्याच्या बाजूने, आपण निर्दोष असल्याचे त्याचे म्हणणे आहे. ही ओळ जागा कमी पडली की सगळ्यात आधी कापली जाते. मी स्वतः ती पुष्कळ वेळा कापली आहे. त्या दुपारी मोरीच्या उंबऱ्यावर उभा असताना मला माझी बातमी पूर्ण दिसली, मथळ्यासकट.

“मी जाऊन खुलासा करतो,” मी म्हणालो.

“खुलासा कोण वाचतं?” बायको म्हणाली. इतकी वर्षे माझ्याबरोबर काढल्यावर तिला ते ठाऊक होते.

तरी गेलो. संध्याकाळी, उजेड असताना. अक्का ओट्यावर बसून वर्तमानपत्राने वारा घेत होत्या. मुलगा दारात उभा होता. आतल्या खोलीला पडदा होता आणि त्याच्यामागे पाळण्याची कडी करकरत होती. माझी चाहूल लागताच ती थांबली.

“ये भाऊ,” अक्का म्हणाल्या. बस म्हणाल्या नाहीत.

मी दोन आरशांची गोष्ट सांगितली. हातवारे करून सांगितली. मोठा आरसा खाली, छोटा तिरपा वर, उजेड असा जातो, असा वळतो. अक्कांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, “तू वर चांद देखस म्हनस, मंग तोंड आम्हनाकडे काबर ऱ्हास?”

“ते भिंग त्या बाजूला आलं म्हणून. मी आजच कडं फिरवतो. मग माझी पाठ तुमच्याकडे होईल.”

“काका,” मुलगा म्हणाला, “तुमचं तोंड कुठे आहे ते रोज रात्री कोण बघत बसणार?”

“शिवाय इतक्या जवळचं त्यातून दिसतच नाही. अंधुक पांढरं दिसतं फक्त. वाटल्यास वर येऊन बघा.”

“बघायचं नाही. मोबाइल दाखवा.”

हे तो चढ्या आवाजात बोलला नाही. मी खिशातून फोन काढला, कुलूप उघडले आणि त्याच्या हातात दिला. माझ्या निम्म्या वयाच्या माणसासमोर, ओट्याच्या खाली, मी हात बांधून उभा राहिलो. रस्त्याने एक भाजीवाली जात होती, तीही गाडी थांबवून बघू लागली. मुलगा अंगठ्याने फोटो सरकवत होता. चंद्र. चंद्र. हललेला चंद्र. विजेचे बिल. बायकोच्या गोळ्यांचे पाकीट. पुन्हा चंद्र. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण कमी होत गेला. अक्कांनी वारा घेणे पुन्हा सुरू केले.

मग अंगठा थांबला. त्याने दोन बोटांनी चित्र मोठे केले.

“हे काय?”

तो पहिल्या दिवशीचा फोटो होता. दुर्बीण बनवली की आधी दिवसाउजेडी दूरच्या वस्तूवर लावून भिंग जुळवून घेतात. मी ती मेहरूणच्या तलावापलीकडच्या पाण्याच्या टाकीवर लावली होती. या दुर्बिणीत सगळे उलटे दिसते, म्हणून टाकी खाली डोके वर पाय अशी होती. तिच्या शिडीच्या पायऱ्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत्या आणि त्यासाठीच मी फोटो ठेवला होता. टाकीशेजारी, चित्राच्या कोपऱ्यात, कुणाच्या तरी गच्चीचा तुकडा आला होता. तिथे एक बाई नुकते धुतलेले केस मोकळे सोडून उन्हात बसली होती. उलटी, बोटभर, पण बाई आहे हे कळत होते.

मी तो कोपरा कधी पाहिला नव्हता. फोटो पानात जाण्यापूर्वी त्याचे कोपरे तपासायचे, हे मी शिकाऊ मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगत असे. मागे कोण उभे आहे, कुणाचा चेहरा नको तिथे आला आहे का.

“माझं लक्ष नव्हतं तिकडे,” मी म्हणालो. खरेच नव्हते. बोलताना मात्र मला माझाच आवाज ओळखीचा वाटला नाही. अशा प्रसंगी सगळेच हे वाक्य बोलतात.

मुलाने फोन आईकडे दिला. अक्कांनी तो लांब धरला, उलटा केला, सरळ केला.

“कोन शे ती?”

“माहीत नाही, अक्का.”

“तिले बी माहित नही,” अक्का म्हणाल्या आणि फोन माझ्याकडे दिला.

मी त्यांच्यासमोर तो फोटो पुसून टाकला. पुसल्यावर लक्षात आले की आता मी पुरावाच पुसून टाकला, असे दिसेल. काहीही केले तरी ते तसेच दिसणार होते. पडद्यामागून बाळ कुरकुरले आणि अक्का उठून आत गेल्या. मुलगा म्हणाला, “या, काका.” याचा अर्थ जा असा होता.

कडे फिरवण्याला आता काही अर्थ नव्हता. दुर्बीण जिन्याच्या खोलीत कुलूप लावून ठेवणे पुरले नसते. आत काय आहे, हे कुणाला दिसणार होते? दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. बायका वाळवण घालायला गच्च्यांवर आल्या, ती वेळ मी मुद्दाम निवडली. पाना घेऊन एकेक बोल्ट सैल केला. उघडी चौकट सुटी करायला सोपी असते, तो तिचा गुण मानला जातो. कडे निघाले, दांडे निघाले. बायको वर आली आणि काही न विचारता दांडे हातात घेऊ लागली. आम्ही एकेक वस्तू जिन्याने खाली नेली. दर खेपेला गच्च्यांवरची बोलणी थांबत आणि आम्ही खाली गेल्यावर सुरू होत. साड्यांच्या दोरीपलीकडे कुणीतरी उभे होते. मी तिकडे पाहिले नाही. ती लेक असेल तर तिचा चेहरा मला आजही माहीत नाही, आणि ते कुणाला पटवून देण्याची सोय नाही.

शेवटी आरसा राहिला. त्याला मी पोटाशी धरून घेऊन चाललो होतो, तेव्हा मागच्या घरातली एक बाई दुसरीला म्हणाली, “बघ, काच चालली.” दुसरी म्हणाली, “बरं झालं बाई.”

त्या रात्री मी गच्चीवर झोपायला गेलो नाही. दुर्बीण नसली तरी मी तिथे असणार होतो. पंख्याखाली चादर ओली करून पडलो. बायको म्हणाली, “मी एकटी वर जाऊन काय करू?” आणि तीही खालीच पडली. भिंती हात लावावा तर तापलेल्या. असे दोन रात्री झाले. अक्कांच्या घराची खिडकी बंदच होती.

तिसऱ्या संध्याकाळी जेवून उठलो होतो, तेव्हा त्यांच्या जिन्यात पावले वाजली. काहीतरी जड वस्तू पायऱ्यांना घासत वर गेली, खाट असावी. मग मुलाचा आवाज, “हळू गं, बाळाचं डोकं सांभाळ.” थोड्या वेळाने वरून हसणेही ऐकू आले, फार नाही.

आम्ही दोघे खाली स्वयंपाकघरात उभे होतो. बायकोच्या हातात ताट होते. तेवढ्यात कठड्यावरून अक्कांनी हाक मारली, “वर ये वं बाई! वारं सुटेल शे.”

बायकोने माझ्याकडे पाहिले.

“तुला बोलावताहेत,” मी म्हणालो.

तिने ताट मोरीत ठेवले, पदराला हात पुसले, चटई काखेत घेतली आणि वर गेली. मी दिवा बंद करून पंख्याखाली पडून राहिलो. वर चटई झटकल्याचा आवाज आला. अक्कांनी काहीतरी विचारले, बायकोने काहीतरी उत्तर दिले. शब्द कळत नव्हते. तरी मी उठून खिडकी लावून घेतली.